वसईच्या विजयोत्सवात कॅथलिक तरुणाने काय बोलावे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. तुम्ही वसईतले, कुपारी (इथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातल्या) घरातले, वय चोवीस. मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला, त्याच्या आठवणीत मे महिन्यात होणाऱ्या वसई विजयोत्सवात गावच्या मंडळाने तुम्हाला पाच मिनिटे बोलायला बोलावले आहे. ही बातमी मोबाइलवरच्या ग्रुपात गेली तेव्हा एका ओळखीच्याने लिहिले, ‘हा तर तुमच्या पराभवाचा दिवस, तुम्ही काय साजरा करणार?’ मावशी म्हणते, जाऊ नकोस, दोन्हीकडून बोलणी खाशील. तुम्ही विचारता : जावे का? गेलो तर काय बोलावे? आणि कोणी इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायसभेचा, विषय काढलाच तर काय सांगावे?

मी वसईतलाच, कॅथलिक. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. दर हिवाळ्यात मुलांना किल्ल्यात घेऊन जायचो. आता निवृत्तीनंतर रविवारी सकाळी जे कोणी येतील त्यांना घेऊन जातो. तुमचा हा प्रश्न मला वर्गात, लग्नघरात, किल्ल्याच्या तटावर अनेकांनी विचारला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या ग्रुपातल्या वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. एक इतिहासाचा : १७३७ ते १७३९ या काळात कोण कोणाशी लढले आणि कशासाठी. दुसरा आजचा : या गावात, या राज्यात तुमची जागा कोणती. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे, पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या कागदांवर अवलंबूनच नाही. तुम्ही इथले आहात हे १७३९ मध्ये कोण जिंकले यावरून ठरत नाही. ते राज्यघटनेने ठरवून झाले आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी वाडीतल्या बावखळाचे, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याचे, पाणी काढून केळी शिंपली तेव्हा ठरले आहे. विचारणारा पहिल्या प्रश्नाचा आडोसा घेऊन दुसरा विचारत असतो. तुम्ही घाईने पहिल्याचे उत्तर द्यायला गेलात की दुसराही आपोआप मान्य करून बसता. म्हणून आधी दोन्ही सुटे करा, मनातल्या मनात तरी.

जावे की नाही, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. बोलावणारे मंडळ कोणते आहे, निवडणूक तोंडावर आहे का, तुमच्या आधी आणि नंतर कोण बोलणार आहे, यावर बरेच अवलंबून आहे. गावातल्याच पोरांनी आपुलकीने बोलावले असेल तर जरूर जा. एखाद्या पक्षाला व्यासपीठावर ‘एक ख्रिस्ती चेहरा’ हवा असेल, तर ते आधी विचारून घ्या आणि नाही म्हणायला लाजू नका. आणखी एक गोष्ट तुमच्या स्वभावाची. टोमणा ऐकल्यावर आवाज चढत असेल तर यंदा श्रोत्यांत बसा, पुढच्या वर्षी बोला. यातले काहीच आड येत नसेल तर माझे मत जावे असेच आहे.

आता इतिहास. तो जरा लांब लावतो, कारण तुमची पाच मिनिटे त्याच्यावर उभी राहणार आहेत.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगिजांना दिली. मोगल हुमायूनच्या भीतीने त्याला समुद्रावरचा मित्र हवा होता. म्हणजे आपल्या मुलखाचा सौदा झाला तेव्हा इथल्या माणसाला कोणी विचारले नव्हते. पुढची दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तटाच्या आत उमराव, अधिकारी आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या धर्मसंघांचे मठ. बाहेर, वाडीत आणि पाखाडीत, शेतकरी, कोळी, आगरी. त्यांतला कोणी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला म्हणून तो उमराव होत नव्हता. गावे फिरंगी जमीनदारांना खंडाने दिलेली असत, आणि खंड भरणारा हिंदू असो की ख्रिस्ती, ओझे त्याच्याच खांद्यावर पडे. मी किल्ला दाखवताना चिमाजीअप्पांच्या (वसई जिंकणाऱ्या, बाजीराव पेशव्यांच्या भावाच्या) पुतळ्यापासून सुरुवात करत नाही, बंदराच्या दरवाजापासून करतो. हे शहर कोणासाठी बांधले होते, ते तिथे उभे राहिले की डोळ्यांना दिसते. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे.

धर्माचा जुलूम झाला. हे वाक्य मी मुद्दाम सुटे लिहिले आहे, कारण आपल्या लोकांत ते गिळून टाकायची सवय आहे. देवळे पाडली गेली. वसईजवळच्या निर्मळ गावच्या तीर्थाची मोडतोड झाली. उघड्यावर सण, लग्ने, विधी करायला बंदी आली. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या ताब्यात देण्याची सोय केली. काही माणसे मनापासून ख्रिस्ती झाली, काही सोयीसाठी, काही दुष्काळात पोटासाठी, काही दबावाखाली. तुमच्या आणि माझ्या घरात नेमके काय घडले याची नोंद कुठे नाही. म्हणून ‘आमच्यावर जबरदस्ती झाली’ किंवा ‘आम्ही स्वखुशीने आलो’ यांतले एकही वाक्य सगळ्या समाजाच्या वतीने बोलू नका.

या जुलमाला कंटाळलेल्या स्थानिक माणसांनीच पेशव्यांकडे धाव घेतली. मालाडचे अंताजी रघुनाथ, अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ ही नावे वसईत प्रत्येकाला ठाऊक असायला हवीत. मोहीम पुण्यात शिजली असली तरी तिचा निखारा इथला होता. १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मराठे मुंबईच्या उत्तरेच्या साष्टी बेटात उतरले, ठाणे घेतले. वसई मात्र तेव्हा हाती आली नाही. १७३९ च्या आरंभी चिमाजीअप्पांनी उत्तरेकडची ठाणी एकेक करून घेतली. तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीत वसईभोवती मोर्चे बसले. तिकडे गोव्यातून कुमक येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्याच्या साष्टीत, मडगाव-राचोलकडे स्वारी केली. वसईपुढे मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही होते.

तीन महिने वेढा चालला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पोचवायला वाळूत, पाणथळीत खणावे लागले, आणि वरून तोफा, बंदुका, आगीचा मारा. काही सुरुंग वेळ चुकवून उडाले आणि खिंडारातून वर चढलेली मराठ्यांचीच माणसे त्यांत गेली. मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून आकडा पाच हजारांच्या घरात सांगितला जातो. चिमाजीअप्पांनी पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना या लढाईची हकिकत लिहून कळवली. किल्ला मिळत नसेल तर माझे डोके तरी तोफेने उडवून आत टाका, असे ते म्हणाल्याची कथा परंपरेने सांगतात. कथा म्हणूनच ती सांगा, पण त्या बुरुजावर उभे राहिल्यावर ती का जन्माला आली हे समजते. मी तिथे दर वेळी थांबतो आणि मुलांना एक मिनिट गप्प उभे राहायला सांगतो. कोणत्या धर्माची माणसे इथे मेली हे सांगायच्या आधी.

शेवटी पोर्तुगीज कप्तान कायतानो द सोझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. मंडळाच्या फलकावर तारीख कोणती असावी यावरून दरवर्षी वाद होतो, म्हणून सांगून ठेवतो. पोर्तुगीज तेव्हा नव्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेने चालत, मुंबईचे इंग्रज जुन्या जूलियन दिनदर्शिकेने. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर. शरणागतीची १६ मे आणि ५ मे हा एकच दिवस आहे. किल्ला रिकामा करून फौज निघाली ती २३ मे आणि १२ मेसुद्धा एकच. यावरून कोणाशी भांडू नका.

आता शरणागतीच्या अटी. तुमच्या भाषणाचा कणा मला इथे दिसतो. पोर्तुगीज फौजेला शस्त्रांसह, निशाणे फडकवत, मानाने बाहेर पडू दिले. ज्यांना जायचे होते त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जायला आठ दिवस दिले. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असेही ठरले. पाच हजारांच्या घरात माणसे मेलेली-जखमी झालेली पाहिलेल्या सेनापतीने तीन महिन्यांच्या रागानंतर ही कलमे मान्य केली. आणि ती कागदावरच राहिली नाहीत. अँक्तील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान १७६० मध्ये साष्टीतून फिरला, तेव्हा तिथले ख्रिस्ती मराठी अमलाखाली आपले सण आणि मिरवणुका मोकळेपणाने करत असल्याचे त्याने पाहिले. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले होते, वेदी सांभाळत होते ते इथले आणि गोव्याचे देशी धर्मगुरू. वज्रेश्वरीला चिमाजीअप्पांचा नवस फेडला गेला, निर्मळचे तीर्थ पुन्हा उभे राहिले, आणि त्याच मुलखात चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आपली कॅथलिक उपासना, चालू राहिली. आजही कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत आपल्या बायका हिंदू शेजारणींबरोबर सुकी मासळी आणि घोंगड्या घेताना दिसतात.

म्हणून ‘तुमचा पराभव’ या वाक्याला माझे सरळ उत्तर आहे. १७३९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा पराभव झाला. जे हरले ते जहाजांत बसून गेले. तुमचे आणि माझे पूर्वज कुठेच गेले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पाणी काढायला गेले.

कॅथलिक सारे एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला, हेही चित्र खरे नाही. शेजारी मुंबईला इंग्रज होते, तेही ख्रिस्ती. वसई मदतीसाठी हाका मारत असताना त्यांनी फौज पाठवली नाही. शेवटी सुमारे १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. त्याच वर्षी जुलैत त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजीअप्पांशी तह करायला वसईला आला. त्याआधी १७२० मध्ये याच इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून तिथली चर्च कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवली होती, कारण गोव्याच्या आर्चबिशपांचे ऐकणारा पाद्री म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा माणूस अशी त्यांना शंका होती. राजकारण राजकारणाच्या हिशेबाने चालत होते. धर्म त्याने कधी ढाल म्हणून धरला, कधी गहाण ठेवला.

हे मला नीट समजायला स्वतःच्या एका चुकीतून जावे लागले. शिकवायला लागलो तेव्हा वसईच्या मोहिमेचा धडा आला की पोर्तुगिजांच्या धार्मिक जुलमाचा भाग मी दोन वाक्यांत उरकत असे. वर्गात निम्मी मुले ख्रिस्ती, त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये असे मला वाटे. एका पालकसभेत एका मुलाचे आजोबा शांतपणे म्हणाले, ‘सर, आमच्या देवळाचं तुम्ही काहीच सांगत नाही.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. ज्यांचे दैवत फोडले गेले त्यांच्या नातवाला मी ते सांगत नव्हतो, आणि ख्रिस्ती मुलांनाही मी त्यातून काही शिकू देत नव्हतो. पुढच्या वर्षापासून मी सगळे सांगायला लागलो. ख्रिस्ती मुले अवघडली नाहीत. उलट एक मुलगी म्हणाली, सर, घरी कोणी सांगत नाही म्हणून मला वाटायचं याहून वाईट काहीतरी असेल.

उलट बाजूचाही अनुभव सांगतो. एका सभेच्या आयोजकांनी मला आदल्या दिवशी विचारले, शरणागतीच्या अटी आणि धर्माची मोकळीक हा भाग वगळता येईल का, त्याने जोश कमी होतो. मी म्हटले, तो वगळलात तर चिमाजीअप्पा लहान होतात. मी त्या सभेला गेलो नाही. आज वाटते, जाऊन तेवढेच सांगायला हवे होते.

इन्क्विझिशनबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. तारखा लक्षात ठेवा. गोव्यात १५६० मध्ये सुरू, १७७४ मध्ये बंद, १७७८ मध्ये पुन्हा सुरू, १८१२ मध्ये कायमचे बंद. वसईतही त्याचा अधिकारी बसत असे. कोणी विचारले तर पहिले वाक्य हे असू द्या : तो अन्याय होता. ‘पण त्या काळी सगळीकडे तसेच होते’ असे लगेच जोडू नका. ते जोडले की आधीच्या वाक्यातला अर्थ निघून जातो.

मग पुढची गोष्ट सांगा, जी फार थोड्यांना ठाऊक असते. या न्यायसभेचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. हिंदूंनाही तिने छळले, धर्मांतरात अडथळा आणल्याबद्दल, उघड विधी केल्याबद्दल. पण तिच्यापुढे उभी केलेली बहुतेक माणसे नव्याने ख्रिस्ती झालेली देशी माणसे होती. गुन्हा काय, तर जुने काहीतरी जपले. सणाला गोडधोड केले, लग्नात जुनी चाल ठेवली, देवाला नवस बोलले. आपल्या आज्या लग्नात जी गाणी म्हणतात, हळद लावतात, पाच सवाष्णींना बोलावतात, ते कोणाकोणाच्या धाकातून वाचून आपल्यापर्यंत आले आहे, याचा विचार केलात तर ‘तुमचे इन्क्विझिशन’ या शब्दाला काय उत्तर द्यायचे ते तुम्हाला आपसूक सुचेल. मात्र हे सांगताना आवाज नरम ठेवा. ‘आम्हीच खरे बळी’ असा सूर लागला तर समोरच्याच्या फुटलेल्या देवळाचे दुःख तुम्ही ओढून घेतल्यासारखे होते.

आणि कॅथलिक म्हणून बोलायचे तर चर्चने स्वतः यावर काय म्हटले ते माहीत हवे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा मंजूर केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही, ते माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे त्यात सांगितले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत सत्याच्या नावाखाली बळ वापरल्याबद्दल देवाची क्षमा मागितली. म्हणजे जुलमाला जुलूम म्हणताना तुम्ही तुमच्या श्रद्धेच्या विरुद्ध जात नाही. मावशीला हे जरूर सांगा. आपल्या जुन्या माणसांना वाटते की चर्चविषयी वाईट बोलले की पाप लागते.

आतापर्यंतचे दोन वाक्यांत : हरली ती परकी राजसत्ता, इथली ख्रिस्ती रयत नव्हे. आणि त्या राजसत्तेने धर्म हाती धरून जे केले त्याचे समर्थन तुमच्या श्रद्धेनेही करता येत नाही.

आता किल्ल्यातल्या एका चर्चकडे या. जेझुइटांच्या त्या चर्चमध्ये आजही संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने मिस्सा होते. वडील पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. जन्म वसईचा. फ्रान्सिस्कन बंधू म्हणून ते जपानला गेले. १५९६ मध्ये सॅन फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरच्या एका नावाड्याच्या बोलण्यातून तिथल्या सत्ताधाऱ्याला, हिदेयोशीला, वाटले की हे धर्मगुरू म्हणजे स्वारीच्या आधी पाठवलेली माणसे आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवले, त्यांत गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. मी मुलांना तिथे एवढेच विचारतो : राजाने धर्म आपल्या जहाजात बसवला की त्याची किंमत कोण देतो? वसईत ती निर्मळच्या देवळाने दिली, नागासाकीत वसईच्या एका मुलाने दिली. ही दोन्ही दुःखे एकाच किल्ल्याची आहेत आणि दोन्ही माझी आहेत. हे मी मनापासून मानतो, म्हणून मला विजयोत्सवात बोलताना कधी चोरट्यासारखे वाटले नाही.

श्रद्धा सार्वजनिक जीवनात कशी आणावी, हा तुमच्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न आहे. माझ्यापुरता नियम साधा आहे. श्रद्धा मला कामाला लावते, पण दुसऱ्यापुढे मांडताना कारण असे द्यायचे की जे मिस्सेला न येणाऱ्यालाही पटेल. चर्चच्या कायद्यात धर्मगुरूंना सत्तेची पदे घेण्यास आणि पक्षांत सक्रिय होण्यास मनाई आहे. ते काम तुमच्या-माझ्यासारख्या प्रापंचिकांचे. पण धर्मगुरूने गावाच्या भल्यासाठी बोलू नये असे कुठेच म्हटलेले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या डोळ्यांपुढचे उदाहरण. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते उभे राहिले, ते वाडीतले पाणी टँकरने उपसले जाऊ नये, जमिनी बिल्डरच्या घशात जाऊ नयेत म्हणून. पाणी हिंदू वाडीतलेही होते, ख्रिस्ती वाडीतलेही. धमक्यांपुढे ते मागे हटले नाहीत आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांनी एकमेकांना जात-धर्म विचारला नाही. बायबलच्या मराठी अनुवादाबद्दल त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० मधल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोधही झाला. ते गेले, प्रकृती साथ देत नसताना गेले, आणि मराठीत बोलले. २०२४ च्या जुलैमध्ये ते आपल्याला सोडून गेले. त्यांच्या अंत्ययात्रेच्या बातम्या वाचताना मला तुमच्या वयाची पोरे आठवत होती. त्यांच्यानंतर कोण बोलणार, असे वाटत होते. तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, ते या कारणाने.

आता प्रत्यक्ष पाच मिनिटे. सुरुवातीची दोन वाक्ये आपल्या कादोडीत बोला. ती बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही तीच आहे आणि कुपारींच्या घरातही तीच. दोन्ही घरांतली माणसे श्रोत्यांत असतील आणि दोघेही हसतील. मग गंगाजी नाईक आणि अंताजी रघुनाथ यांची नावे घ्या. जुलूम झाला हे एका वाक्यात, आडपडदा न ठेवता सांगा. सेंट सेबॅस्टियन बुरुजावर पडलेल्यांना वंदन करा. त्यानंतर शरणागतीच्या अटींवर या आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बाकीचे वक्ते लढाई सांगतील, तह कोणी सांगणार नाही. चिमाजीअप्पांचे आभार कॅथलिक म्हणून माना. माझा धर्म पाळायची मोकळीक त्यांनी तहात मान्य केली, असे मी दरवर्षी म्हणतो, आणि ते म्हटल्यावर सभेत जी शांतता होते ती तुम्हीही ऐकाल.

वेळ उरला तर घंटांचे सांगा. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. कोणाचा आवाज मोठा असला की आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, पण तिची नाळ आपल्या गावाशी जोडलेली आहे हे वसईतसुद्धा अनेकांना ठाऊक नसते. मी नाशिकला गेलो तेव्हा गोदावरीच्या काठी तिच्याखाली उभा राहिलो होतो. ती परत आणावी असे मला वाटले नाही. तिच्यावर आता अडीचशेहून अधिक वर्षांचे दुसऱ्या प्रार्थनेचे संस्कार आहेत. फक्त हात लावावासा वाटला. लावला.

कोणी मध्येच टोमणा मारला तर उत्तर देऊ नका, भाषण पुढे चालू ठेवा. कार्यक्रमानंतर मात्र त्याला शोधून काढा, चहा पाजा आणि विचारा, किल्ल्यात कधी शेवटचा गेला होतास. बहुतेक जण शाळेच्या सहलीनंतर गेलेले नसतात. ग्रुपात लेखी वाद मुळीच घालू नका. तिथे प्रत्येक जण तिसऱ्यासाठी लिहीत असतो.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता किल्ल्याच्या जमिनीकडच्या दरवाजापाशी या, मी तिथे असतो. मावशीलाही आणा. बुरुजावर चढायला वाट खडबडीत आहे, तिच्या पायात चपलेऐवजी बूट असू देत. वर गेल्यावर तुम्ही भाषण एकदा मोठ्याने म्हणून दाखवा, मी वेळ लावतो. मावशी खाडीकडच्या कट्ट्यावर बसून ऐकेल, आणि तिला जे वाक्य खटकेल ते आपण तिथेच दुरुस्त करू.